मूळ ईसीयू जपून दुसऱ्यावर रीमॅप करायचा आहे. क्लोन करावा का?

मुलुंडकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे २०११ ची स्कोडा लॉरा आहे: २.० लिटर कॉमन रेल डिझेल, १४० पीएस, डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, रीमॅप करण्याचा (ताकद वाढवण्यासाठी त्यातला प्रोग्रॅम बदलण्याचा) विचार दोन वर्षांपासून मनात आहे. परंतु मूळ ईसीयू चुकून निकामी झाला तर नव्याचा खर्च मला झेपणारा नाही. गेल्या महिन्यात कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर अशाच लॉरातून काढलेला ईसीयू मिळाला. तो लावला असता इंजिन सुरू होते आणि दीड-दोन सेकंदांत बंद पडते. दुकानदार म्हणतो, क्लोन करून घ्या (मूळ ईसीयूतली माहिती यात उतरवून घ्या), चालेल. मूळ ईसीयू कपाटात ठेवायचा, क्लोनवर रीमॅप करायचा आणि काही बिनसले तर मूळ पुन्हा बसवायचा, असा बेत आहे. यात मी काही विसरतो आहे का?

बेंचवाला, घाटकोपर

इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडते, हे इमोबिलायझरचे (चोरीविरोधी इलेक्ट्रॉनिक कुलपाचे) काम आहे. तुमच्या गाडीचा मीटर आणि हा परका ईसीयू यांची ओळख जुळत नाही, म्हणून इंधन तोडले जाते. क्लोन म्हणजे केवळ मॅपची (इंधन किती-केव्हा द्यायचे त्या तक्त्यांची) नक्कल नव्हे. मुख्य प्रोग्रॅम फ्लॅशमध्ये (ईसीयूच्या मोठ्या मेमरीत) असतो. इमोबिलायझरची माहिती, चासी क्रमांक आणि इंजेक्टरचे (इंधन फवारणाऱ्या भागांचे) कोड ईईप्रॉम या छोट्या मेमरीच्या भागात असतात. दोन्ही गोष्टी मूळ ईसीयूतून काढून दुसऱ्यात भराव्या लागतात. काही ईसीयूंमध्ये इमोबिलायझरची माहिती प्रोसेसरच्या स्वतःच्या ओळखक्रमांकाशी बांधलेली असते. तिथे फाइल जशीच्या तशी उतरवून भागत नाही, ती नव्या प्रोसेसरसाठी पुन्हा तयार करावी लागते. ‘कॉपी-पेस्ट आहे, अर्ध्या तासात देतो’ असे जो सांगेल, त्याच्याकडे मी स्वतः गाडी देणार नाही.

आधी दोन्ही लेबले शेजारी ठेवून वाचा. बॉशचा ०२८१ ने सुरू होणारा क्रमांक शेवटच्या अंकापर्यंत जुळला पाहिजे. सॉफ्टवेअर बदलता येते, हार्डवेअर बदलता येत नाही. मूळ ईसीयू दोनदा वाचून दोन्ही फाइली एकसारख्या आहेत का ते तपासायला सांगा आणि त्या तुमच्या पेनड्राइव्हवर घ्या. दुकानातून आणलेल्या ईसीयूची फाइलही पुसण्यापूर्वी जपून ठेवा. पुढे कधी इंजेक्टर बदलले, तर नवे कोड जो ईसीयू गाडीत असेल त्यातच जातील. कपाटातल्या मूळ ईसीयूला त्याचा पत्ता नसेल आणि तो परत बसवल्यावर इंजिन खडखडू लागेल.

आता मुंबईपुरते महत्त्वाचे. ईसीयूतला ट्रायकोअर प्रोसेसर बूट मोडमध्ये (आतल्या सर्किटला थेट जोडून) वाचायचा तर झाकण उघडावे लागते आणि ते कारखान्यात चिकटद्रव्याने बंद केलेले असते. लॉरात ईसीयू वायपरच्या आवरणाखाली बसतो, आणि काचेवरून ओघळणारे पावसाचे पाणी त्याच कप्प्यात उतरते. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर निचऱ्याची भोके पानांनी तुंबतात. घाईने सिलिकॉन फासून बंद केलेले झाकण जुलैत दगा देते. मी पाहिलेले बहुतेक मेलेले क्लोन चुकीच्या फाइलमुळे नव्हे, पाण्यामुळे मेले. झाकण न उघडता, बेंचवर (गाडीतून काढून टेबलावर) केवळ कनेक्टरच्या पिनांवरून वाचता येत असेल, तर तोच मार्ग निवडा.

जुनी डिझेल, ठाणे

बेंचवाले यांच्याशी मी सहमत आहे. पण मूळ प्रश्नच थोडा वेगळा असावा असे मला वाटते. मूळ ईसीयूची पूर्ण फाइल हाती असेल तर त्याच ईसीयूवर रीमॅप करून तो पूर्ववत करता येतो. लिहिताना व्होल्टेज पडू नये म्हणून गाडीला स्थिर पुरवठा जोडणे आणि चेकसम (फाइल शाबूत आहे का हे ताडणारा आकडा) दुरुस्त झाल्याची खात्री करणे, एवढी काळजी घेतली तर दुसऱ्या ईसीयूचा उपयोग विम्यासारखाच उरतो.

खरी मर्यादा गिअरबॉक्सची आहे. तुमचे इंजिन मुळात ३२० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते आणि सहा गिअरचा ओला (तेलात बुडालेल्या क्लचचा) डीएसजी ३५० न्यूटन-मीटरसाठी बनवलेला आहे. म्हणजे हाताशी फारसे काही शिल्लक नाही. टॉर्क त्यापुढे नेलात तर क्लच घसरू लागेल, आणि त्याचे बिल दोन ईसीयूंपेक्षा मोठे असेल.

कागदोपत्री बाजूही पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये बेकायदा फेरफारासाठी मालकाला दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तुमच्या गाडीच्या नोंदणीला १५ वर्षे पूर्ण झाली की तपासणीसाठी आरटीओत जावे लागेल. बीएस ४ (भारत स्टेज ४ प्रदूषण नियमांतल्या) डिझेलला धुराच्या दाटपणाची मर्यादा १.६२ प्रति मीटर आहे, जास्त इंधन ओतणारा मॅप तिथे काळा धूर काढून आपणहून कबुली देतो. विमा कंपनीला बदल कळवला नसेल तर दाव्याच्या वेळी वाद अटळ समजा.

मुलुंडकर

दोघांचे आभार. काल रात्री टॉर्च घेऊन बसलो. बॉशचा क्रमांक शेवटच्या दोन अंकांत वेगळा निघाला. शिवाय झाकणाच्या कडेने काळे सिलिकॉन बाहेर आलेले आहे, म्हणजे तो ईसीयू आधीच कोणीतरी उघडलेला आहे. कनेक्टरच्या तीन पिनांच्या मुळाशी हिरवट थरही दिसतो.

बेंचवाला, घाटकोपर

तो थर तांब्याच्या गंजाचा आहे, म्हणजे पाणी आत गेलेले आहे. आज इंजिन सुरू होते म्हणून फसू नका. परत करा.

मुलुंडकर

दुकानदार म्हणतो, पैसे मिळणार नाहीत, बदलून देईन. शनिवारी मूळ लेबलाचा फोटो घेऊन कुर्ल्याला जातो. तोवर वायपरखालची पाने काढून घेतली, मूठभर निघाली.