अनुभव धागा: मुनावर तवीचा काठ, डिसेंबर 1971

1971 म्हटलं की लोकांना ढाका आठवतं, फार तर लोंगेवाला. जम्मूतल्या छांबचं नाव कुणी काढत नाही, कारण तिथे आपली जमीन गेली. 3 डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानची 23 वी डिव्हिजन तिथे आली. आपली 10 वी डिव्हिजन झुंजत झुंजत मुनावर तवीच्या पूर्व काठावर आली, आणि 9-10 च्या रात्री शत्रू नदी ओलांडायला निघाला. मागे अखनूरचा पूल होता, तो गेला असता तर राजौरी-पूंछची वाटच तुटली असती. त्या काठावर कुणी होतं का? पदकं नकोत, तो दिवस सांगा.

पायदळातून निवृत्त: पलटणीचं नाव लिहीत नाही. डिसेंबरात तवीला पाणी ते किती! उतारांवर, म्हणजे पायी ओलांडायच्या जागी, गुडघाभर, मांडीभर. नदी कुणाला अडवत नव्हती, अडवायचं होतं आम्हीच. शांत असेल तर गोट्यांवरून बूट सरकल्याचा आवाज खंदकात येतो. पण त्यांचा तोफखाना सुरू झाला की कान गेलेच, आणि नेमकी तेव्हाच माणसं पाण्यात उतरतात. जुन्या सुभेदार साहेबांनी सांगितलं होतं, "भडिमार आपल्या डोक्यावरून मागे सरकला की डोकं वर काढा, आता ते येणार." तसंच झालं. अंधारात नेम धरता येत नाही. मशीनगनचा मारा दिवसाच खुंट्या ठोकून बांधून ठेवला होता, रात्री फक्त घोडा दाबायचा.

तोफखान्यातून: आमचंही तसंच. उताराच्या जागा दिवसा मोजून प्रत्येकीला नंबर. रात्री ओपीवरून, म्हणजे पुढच्या टेहळणी चौकीवरून, फक्त नंबर यायचा. गोळा पाण्यात पडला तर निम्मा जोर वाया. गोट्यांवर फुटला तर गोट्यांचेच छर्रे होतात. पण हे सगळं टेलिफोनच्या तारेवर, आणि ती तर पहिल्याच माऱ्यात तुटली. मध्येच ती पुन्हा जिवंत झाली, नाहीतर काय झालं असतं देव जाणे.

एक वाचक: काठावर त्यांना अडवलंत ना, मग छांब का गेलं?

पायदळातून निवृत्त: दादा, छांब पश्चिम काठाला. ते आधीच सुटलं होतं, आणि 1972 च्या सिमला करारानंतर तिकडेच राहिलं. आम्ही बोलतोय पूर्व काठाबद्दल. तोही एका रात्रीत मोकळा झाला नाही. उजाडलं तेव्हा काही ठिकाणी ते आमच्या बाजूला पाय रोवून बसले होते. 10 तारखेचे प्रतिहल्ले झाले ते त्यांना मागे रेटण्यासाठी. रात्रीपेक्षा तो दिवस जड गेला, कारण आता सगळं दिसत होतं.

वैद्यकीय पथकातून: आमच्याकडे आलेले बरेच जखमी ओलेचिंब होते. आधी कपडे कापून काढायचे, कोरडं गुंडाळायचं, मग जखम. गारठलेल्या माणसाची शीर सापडत नाही, सलाईन लावायला वेळ जातो. घोंगड्या संपल्यावर आम्ही रिकामी पोती वापरली. त्यांचेही दोघे आले. त्यांनाही तीच पोती.

तोफखान्यातून: सिग्नलवाल्यांपैकी कुणी वाचत असेल तर लिहा राव. त्या रात्री तार जोडायला कोण गेलं होतं, आम्हाला अजून कळलेलं नाही.