भोसरीतला बंद चिप कारखाना पाडण्याआधी आत जायचं का?

डब्बाचिप:
भोसरी एमआयडीसीतला एक कारखाना बरीच वर्षं बंद आहे. तिथे ट्रान्झिस्टर, आयसी म्हणजे चिप बनायच्या. जागा विकली गेली, पावसाळा संपला की पाडकाम. कपाटांत मास्कच्या (चिपची नक्षी छापायच्या साच्याच्या) फिल्मा, ड्रॉइंगच्या गुंडाळ्या, टेस्टची रजिस्टरं तशीच पडली आहेत. भंगारवाल्याला सिरॅमिक आयसीवरचं सोनं दिसतं, कागद थेट रद्दीत. मालकाची लेखी परवानगी काढून आधी कागद बाहेर काढावेत असं माझं मत. मशीन गेलं तर गेलं.

6502 चंच बघा. अमेरिकेत एमओएस टेक्नॉलॉजीने 1975 मध्ये 25 डॉलरला विकायला काढलेली चिप. ॲपल टू संगणकात तीच, 1984 पासून आपल्या शाळांत आलेल्या बीबीसी मायक्रोतही तीच. तिचा नकाशा हाताने काढलेला होता. मूळ कागद हाताशी नव्हते, म्हणून पुढे हौशी मंडळींना चिप उघडी करून, सूक्ष्मदर्शकाखाली फोटो घेऊन ट्रान्झिस्टरन् ट्रान्झिस्टर पुन्हा उतरवावा लागला.

सेफ्टीवाला:
त्याच एमओएसच्या जागेचं पुढचंही सांगा की. जमिनीखालच्या टाकीतून ट्रायक्लोरोइथिलीन हे विषारी द्रावक झिरपलं, भूजल नासलं, आणि 1989 मध्ये अमेरिकी सरकारने ती जागा अतिदूषित जागांच्या यादीत घातली. चिपच्या कारखान्यात हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. सौम्य असेल तर कातडीवर पडल्याचं लगेच कळतही नाही, आणि आत हाडापर्यंत जातं. लेबल उडालेला कॅन कोण हलवणार, तुम्ही? रजिस्टरापायी कुणाचं पोर आत घालू नका.

पेठकर:
आणि ठेवणार कुठे? इथे टू बीएचकेत माणसं मावेनात. शिवाय त्यात आपलं काय होतं? 1991 च्या परम 8000 या महासंगणकातले ट्रान्सप्यूटरसुद्धा (त्याच्या प्रोसेसर चिप) ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे. जपण्यासारखं मोहालीच्या सरकारी चिप कारखान्यात होतं, तिथे 1989 मध्ये आग लागली.

डब्बाचिप:
पेठकर, बाजीराव रस्त्यावर केलकर संग्रहालयात एकदा जाऊन या. अडकित्ते आणि वज्र्या कुणाच्या तरी माळ्यावर गंजतच होत्या. आणि परमचे ट्रान्सप्यूटर बाहेरचे, पण ते एकमेकांना जोडून कामाला लावले सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने, इथे पुण्यात. कारखान्याचंही तसंच. डिझाइन उसनं असेल, ते भोसरीच्या हवेत चालवलं कसं, हे रजिस्टरात आहे. मालकाच्या माणसाने एका पानाचा फोटो पाठवलाय. पेन्सिलने लिहिलंय, ‘पाऊस, ओल जास्त, रेझिस्ट सुटलं, पूर्ण लॉट फेकला.’ (रेझिस्ट म्हणजे नक्षी उतरवायला लावतात तो थर.) खाली सुपरवायझरची सही, बाजूला चहाचा डाग. हे कुठल्या मॅन्युअलमध्ये मिळेल?

गंजका_सोल्डर:
+१. पण जुन्या बाजारात आयसी आल्या तर मला आधी कळवा राव 😀

सेफ्टीवाला:
पान भारी आहे, मान्य. कपाटं ऑफिसच्या इमारतीत असतील तर तोंडाला मास्क, हातमोजे घालून मीही येतो. केमिकल स्टोअर आणि फॅबच्या (चिप बनायच्या त्या विभागाच्या) दाराला हात लावायचा नाही.

डब्बाचिप:
ड्रॉइंग ऑफिसात आहेत. रजिस्टरं फॅबच्या आत.

सेफ्टीवाला:
मग ड्रॉइंगच आणू. रजिस्टरं आणायची तर मालकाने आधी केमिकल उचलणारी परवानाधारक एजन्सी आणावी, खर्च त्याचा. तो करणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.