मदत हवी आहे: रेडिएटर फॅनचा रिले घरच्या घरी भार देऊन कसा तपासावा?

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा. माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचा रेडिएटर फॅन मनात आले तर फिरतो, नाहीतर नाही. जांबोटीपर्यंत मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा जागचा हलत नाही, कारण वेगामुळे समोरचा वाराच रेडिएटर थंड ठेवतो. पण पुढे चोर्ला घाटात वाहनांच्या रांगेत रखडलो की तोच काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागतो. कूलंट आणि फ्यूज ठीक आहेत.

रिले, म्हणजे फॅनचा वीजपुरवठा चालू-बंद करणारा विद्युत स्विच, काढून पाहिला. ८५ व ८६ या कॉइलच्या पायांमध्ये मल्टीमीटर सुमारे ८० ओहम दाखवतो. त्यांना बॅटरीचे १२ व्होल्ट दिले की ‘टक्’ असा आवाज येतो आणि ३० व ८७ या संपर्कांच्या पायांमध्ये मीटरची बीपही वाजते. एवढ्यावर रिलेला निर्दोष ठरवणे मला पटत नाही, कारण मीटरचा प्रवाह नगण्य असतो आणि जळकट झालेले संपर्क फॅनचा भार आल्यावरच दगा देतात. शिवाय ८७ चा पाय काळवंडलेला आहे.

३० व ८७ मधून ५५ वॅटचा हेडलाइट बल्ब पेटवून त्या दोन पायांमधील व्होल्टेजची घट मोजली, तर निदान भरवशाचे होईल का, आणि किती घट चालते? फॅन मोटर तपासण्यासाठी सॉकेटमधील ३० व ८७ फ्यूज लावलेल्या जाड वायरने जोडणे सुरक्षित आहे का? ओळखीचे मेकॅनिक पूर्ण फॅनच बदलायला सांगतात. त्याआधी खात्री करून घ्यावी म्हणतो.