'मूल्यवर्धन' म्हणायचं की आणखी काही?

प्रश्न

मी पत्रकं, निमंत्रणपत्रिका, माहितीपुस्तिका मांडून देण्याचं काम करते. एकटीचाच व्यवसाय आहे. कामाची ओळख करून देणारा मजकूर लिहिताना 'अ‍ॅडेड व्हॅल्यू'पाशी अडले. 'ग्राहकांना मूल्यवर्धित सेवा देते' असं लिहून पाहिलं, पण ते वाक्य माझं वाटेना. 'वरताळा' चालेल का?

उत्तर

वरताळा नको. अदलाबदलीत एक वस्तू कमी किमतीची ठरली की फरक भरून काढायला वर जे द्यावं लागतं, तो वरताळा. म्हणजे मूळ कामातच काही उणं आहे, असा अर्थ निघेल. 'वरकड'ही टाळा. वरकड म्हणजे उरलेलं, जास्तीचं. आणि 'वरकड मूल्य' म्हटलं की अर्थशास्त्र वाचलेल्याला थेट मार्क्स आठवतो.

मला खरी हळहळ वाटते ती 'झुकतं माप' या शब्दाची. मालाचं पारडं किंचित खाली गेलं की गिऱ्हाइकाच्या पदरात चार दाणे जास्त पडायचे. तुम्हाला हवा तो अर्थ त्यात अगदी नेमका होता. आता मात्र झुकतं माप म्हणजे पक्षपात, त्यामुळे तो शब्द या कामातून गेलाच.

दुसरं उत्तर

'मूल्यवर्धन' वाईट नाही, पण तो हिशेबाचा शब्द आहे. १०० चा माल आणला, त्यावर प्रक्रिया केली आणि १६० ला विकला, तर मूल्यवर्धन ६०. फ्रान्सने १९५४ मध्ये मूल्यवर्धित कर आणला तो याच फरकावर. हे मूल्य विकणारा मोजतो. तुम्हाला सांगायचंय ते घेणाऱ्याच्या बाजूचं. तुम्ही नेमकं जास्तीचं काय करता, ते आधी सांगा ना.

प्रश्नकर्ती

एक उदाहरण देते. मध्यंतरी एका समारंभाची पत्रिका आली. मजकूर पक्का होता, फक्त मांडणी करायची होती. माझी सवय अशी की छपाईला देण्याआधी दिनदर्शिका उघडायची आणि तारखेवर बोट ठेवून वार बघायचा. पत्रिकेत बुधवार होता, त्या तारखेला येत होता गुरुवार. फोन केला. पलीकडे क्षणभर शांतता, मग "थांबा, घरात विचारतो." तारीख बरोबर होती, वार चुकला होता. याचे मी वेगळे पैसे लावत नाही. मग ही पदरमोड म्हणायची का?

दुसरं उत्तर

मुळीच नाही! पदरमोडीत आपल्या गाठीचं जातं. इथे तुमची पाच मिनिटं गेली आणि त्यांची सगळी छपाई वाचली. याला मराठीत साधं 'मोल' म्हणतात. 'मूल्य' शब्दाचंच ते घरगुती रूप, पण वाट वेगळी धरलेलं. किंमत ठरते, सांगितली जाते, पावतीवर येते. मोल कळतं, तेही बहुधा नंतर. 'मोलाची मदत' आपण सहज म्हणतो, 'किमतीची मदत' कोणी म्हणत नाही. म्हणून 'कामाचं मोल वाढतं' हे क्रियापदाच्या अंगाने चालेल, नामाचा हट्ट सोडा. आणि 'मोफत' तर लिहूच नका. त्या शब्दाने तुमची नजर चकटफू भेटवस्तूंच्या रांगेत जाऊन बसते.

माझं स्पष्ट मत: ओळखीच्या मजकुरात यातला कुठलाच शब्द नको, कृती लिहा. 'मांडणी करताना तारीख, वार, पत्ता आणि फोन नंबर तपासून देते.' वाचणाऱ्याला उरलेलं कळतं.

प्रश्नकर्ती

हेच घेते. 'मूल्यवर्धित' खोडलं.

पहिलं उत्तर

एक सुचवतो. 'तपासून'ऐवजी 'पडताळून' लिहा. तपासताना आपण समोरचा मजकूर बघतो, पडताळताना तो दुसऱ्या कशाशी तरी जुळवून बघतो. तुम्ही दिनदर्शिका उघडता, म्हणजे पडताळताच.