दुसऱ्या खंडाची फोड चुकलेली नाही

टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीचा दुसरा खंड 'द टू टॉवर्स'. त्याच्या पहिल्या अर्ध्या भागात अंगठी नष्ट करायला निघालेला फ्रोडो नाही, दुसऱ्यात योद्धा अ‍ॅरागॉर्न नाही, म्हणून रचना फसली, हा आक्षेप मला अजिबात पटत नाही. ही मध्ययुगीन वीरकथांमधली गुंफण आहे, म्हणजे वेगवेगळ्या पात्रांचे धागे आलटून पालटून सांगणं. टॉल्किनचे अभ्यासक टॉम शिपी यांनी १९८२ च्या 'द रोड टू मिडल-अर्थ'मध्ये तिची छान उकल केली आहे : प्रत्येक पात्राला आपल्यापुरतंच दिसतं, आणि वाचकालाही तेवढंच.

तिसऱ्या खंडातला, खलनायक सॉरॉनच्या राज्याच्या वेशीवरचा काळ्या दरवाजाचा प्रसंग घ्या. सॉरॉनचा दूत जादूगार गॅन्डाल्फसमोर फ्रोडोचा सोबती सॅम याची आखूड तलवार, करडा झगा आणि शेवटी फ्रोडोचं मिथ्रिल या मौल्यवान धातूचं चिलखत काढून दाखवतो. चौथ्या पुस्तकाच्या (प्रत्येक खंडात दोन पुस्तकं आहेत) शेवटी फ्रोडो कैद झालेला, त्यामुळे गॅन्डाल्फइतकेच आपणही हादरतो. आता घटनांच्या तारखा देणारं परिशिष्ट 'बी' उघडा. सॅमला शत्रूच्या मनोऱ्यात कैदेतला फ्रोडो सापडतो १४ मार्चला, आणि दरवाजाचा प्रसंग २५ मार्चचा! म्हणजे सुटका कधीच झालेली असते, फक्त ती आपल्याला सहाव्या पुस्तकात कळते. प्रकरणं तारखेनुसार लावून वाचलीत तर दूताची धमकी पोकळ ठरते, आणि आशा नसताना फ्रोडोच्या बदल्यात घातलेल्या अटी धुडकावणाऱ्या गॅन्डाल्फचं धैर्यही आपल्याला तितकं भिडत नाही. पहिल्या वाचनात तरी छापील क्रम मोडू नका.