५५ किलोत बसवायला पोरांचं पाणी तोडतात. काट्यावर बसलेल्या माणसाने काय करायचं?

खडू_आणि_शिट्टी:

मी माध्यमिक शाळेत खेळाचा शिक्षक आहे, एकोणीस वर्षं झाली. जिल्ह्यात कबड्डीचा पंच म्हणूनही उभा राहतो. गेल्या महिन्यात किशोर गटाच्या निवड चाचणीत मला वजनाच्या टेबलावर बसवलं होतं. त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहितोय.

किशोर गटात वय १६ च्या आत लागतं आणि वजन ५५ किलोच्या आत. वयाच्या दाखल्यावरून दर वर्षी भांडणं होतात. जन्मदाखला, आधार, बोनाफाईड एकमेकांशी जुळवता जुळवता आमची सकाळ जाते. वजनावरून कोणी भांडत नाही. काट्यावरचा आकडा सगळ्यांना दिसतो, त्यामुळे तिथे काही वाकडं होत असेल असं कोणाच्या मनात येत नाही.

एक मुलगा सव्वासातला काट्यावर चढला. ५६.३००. त्याच्या प्रशिक्षकांनी आकडा बघितला आणि काही न बोलता त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. माझी खुर्ची खिडकीशी होती. मैदानावर तो पळताना दिसत होता. अंगात दोन स्वेटर, वरून रेनकोट, गळ्यापर्यंत चेन ओढलेली. साडेसातची उन्हं. बाकीची पोरं रांगेत गप्पा मारत होती आणि हा एकटा फेऱ्या मारत होता. सव्वाआठला परत आला तेव्हा ५५.६००. मग त्याला पायरीवर बसवलं, तोंडात चिंच दिली आणि हातात रिकामी बाटली. चिंचेने तोंडाला पाणी सुटतं, ते गिळायचं नाही, बाटलीत थुंकायचं. वजन घ्यायची वेळ नऊपर्यंत होती. नवाला दहा कमी असताना तो चड्डीवर काट्यावर उभा राहिला. ५४.९५०.

मी नाव विचारलं, तर त्याला धड सांगता येईना, जीभ टाळूला चिकटत होती. ओठांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. आकडा आल्यावर त्याने प्रशिक्षकांकडे नाही, माझ्याकडे बघितलं. मी सही केली.

दुपारी दुसऱ्या सामन्यात चढाई करताना बोनस रेषेजवळच बसला. दोन्ही पोटऱ्यांत गोळे, मग उलटी. ग्रामीण रुग्णालयात सलाईन लावावं लागलं. आता बरा आहे. प्रशिक्षक मला म्हणाले, "सर, हे सगळेच करतात. पोराने पाणी प्यायलाच पाहिजे असं नियमात कुठे लिहिलंय?"

लिहिलेलं नाही, हे खरं आहे. माणूस काही दुष्ट नाही, पोरांच्या बुटांना स्वतःचा पगार घालतो. पण संघात निवड झाली की दहावीला वाढीव गुण, पुढे नोकरीत ५ टक्के आरक्षण, हा हिशेब त्याच्याही डोक्यात असतो आणि आईबापांच्याही.

माझा प्रश्न सरळ आहे. काटा खरा, आकडा खरा, आणि समोरचं पोर सुकलेलं. टेबलावरच्या माणसाने अशा वेळी काय करावं? कोणाच्या जिल्ह्यात, कोणाच्या खेळात यावर काही उपाय केला आहे का?

जुना_पंच:

सर, सही तुम्ही नियमाला धरूनच केलीत. नियम आकड्यावर थांबतो.

पण एक गोष्ट बघा. आपला चढाईपटू समोरच्या अंगणात असताना त्याच्याच बाजूच्या कोणी ओरडून सूचना दिली, तर आपण विरुद्ध संघाला गुण देतो. बाहेरच्याने नुसतं तोंड उघडलं तरी पंचाला अधिकार आहे. आणि त्याच खेळाडूला सकाळी तासभर रेनकोटात पळवलं, तर आपल्याकडे त्यासाठी ताकिदीचं हिरवं कार्डसुद्धा नाही. कार्डं सामन्यातल्या वागणुकीची. वजनाचं टेबल सामन्याच्या बाहेर पडतं, आणि ही फट प्रशिक्षकांना आपल्यापेक्षा चांगली ठाऊक आहे.

आयोजकांच्या हातात मात्र एक गोष्ट असते. वजनाची वेळ दोन तास का ठेवायची? आमच्या तालुक्यात आम्ही एकदा प्रत्येकाला एकच संधी दिली. नाव पुकारलं की चढायचं, जो आकडा येईल तो लिहायचा, पुन्हा चढणं नाही. त्या वर्षी रेनकोट दिसले नाहीत. पण ओरड इतकी झाली की पुढच्या वर्षी पुन्हा दोन तास. हा निर्णय कागदावर घेतलेला नव्हता, तोंडी होता, म्हणून टिकला नाही. तुम्ही जे कराल ते लेखी करा.

लाल_माती:

मास्तर, मी तालमीतला माणूस. आमच्यात हे लई जुनं आहे. मी स्वतः पोरं वजनात बसवलीत, लपवत नाही. भट्टीसारख्या खोलीत घोंगडं पांघरून बसवायचं, आदल्या रातीला जेवण बंद. पूर्वी वजन आदल्या दिवशी संध्याकाळी व्हायचं. पोरगं वजन देऊन रातभर खायचं, प्यायचं, आणि सकाळी तीन किलोनं जड होऊन कुस्तीला उभं राहायचं. समोरचाबी तसलाच.

जागतिक कुस्ती संघटनेनं २०१८ पासून ते मोडलं. आता वजन कुस्तीच्याच दिवशी सकाळी, आणि एक गट दोन दिवस चालतो म्हणून दुसऱ्या दिवशी परत काट्यावर. तोडून आणलेलं वजन दोन दिवस धरून ठेवणं अवघड, म्हणजे पैलवान आपल्या खऱ्या वजनाकडं सरकंल, हा त्यातला विचार. तरी काय झालं ते २०२४ ला पॅरिसात आपण बघितलं. विनेश फोगाट पहिल्या दिवशी ५० किलोत बसली, तीन कुस्त्या मारून अंतिम फेरीत गेली, आणि दुसऱ्या सकाळी १०० ग्रॅमनं बाहेर. रातभर केलेली खटपट, कापलेले केस, कशाचाच उपयोग झाला नाही. नियमाप्रमाणं शेवटचा नंबर.

म्हणून सांगतो, नुसती वेळ बदलून भागत नाही. पण ती मोठी बाई होती, ५३ सोडून ५० ला उतरायचा निर्णय तिचा होता. तुमचं ते पंधरा वर्षांचं पोर. त्याची हाडं अजून वाढत्यात. त्याला ५५ त कोंबणं म्हणजे वाढत्या झाडाला दोरी बांधणं. मी आता १७ खालच्या एकाबी पोराचं वजन तोडत नाही. जड झाला तर वरच्या गटात मार खाऊन शिकंल.

मिशिगनहून_बाबा:

माझा मुलगा इथे अमेरिकेत हायस्कूलच्या कुस्ती संघात आहे, म्हणून हे जवळून पाहतोय.

१९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जेमतेम महिन्याभरात इथले तीन कॉलेज पैलवान वजन उतरवताना गेले. एक नॉर्थ कॅरोलायनात, एक विस्कॉन्सिनमध्ये, एक आमच्या मिशिगन विद्यापीठात. तिघेही गरम जागेत, घाम बाहेर जाऊ न देणारे सूट घालून व्यायाम करत होते. तुमच्या त्या मुलाचा रेनकोट वाचला आणि मी फोन खाली ठेवला.

त्यानंतर कॉलेजच्या क्रीडा संघटनेने मोसम संपायची वाट बघितली नाही. १९९८ च्या जानेवारीतच रबरी सूट आणि सौना (घाम काढायच्या गरम खोल्या) बंद केले, वजन आदल्या दिवशीऐवजी सामन्याच्या थोडं आधी घ्यायला लावलं, आणि प्रत्येक गटाची वजनमर्यादा सात पौंडांनी, म्हणजे तीनेक किलोंनी, सैल केली.

हायस्कूलची पद्धत तुम्हाला जास्त उपयोगी पडेल. मोसमाच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाची तपासणी होते. आधी लघवीची पट्टी. विशिष्ट घनता (लघवी पाण्यापेक्षा किती दाट आहे ते) १.०२५ च्या वर गेली तर मुलगा सुकलेला आहे असं धरतात आणि त्या दिवशी पुढचं मोजमापच करत नाहीत. मग शरीरातली चरबी मोजतात. मुलांची ७ टक्के आणि मुलींची १२ टक्के धरून त्याचं कमीत कमी वजन ठरतं. त्याखालच्या गटात त्याला मोसमभर खेळता येत नाही. उतरायचंच असेल तर आठवड्याला दीड टक्क्यापेक्षा जास्त नाही. मुलगा कोणत्या गटात खेळणार हे प्रशिक्षकाच्या मर्जीवर राहत नाही, ते आधीच लिहिलेलं असतं. माझ्या मुलाला एक गट खाली जायचं होतं. कागद बघून प्रशिक्षकांनी नाही म्हटलं आणि विषय तिथेच संपला.

डॉक्टर_ताई:

सर, काट्यावर बघायच्या गोष्टी थोडक्यात. जीभ कोरडी आहे का, उभं राहिल्यावर चक्कर येते का, नाडी बसल्यापेक्षा उभं राहिल्यावर फार वाढते का, शेवटची लघवी कधी झाली आणि रंग कसा होता. शेवटचा प्रश्न मुलांना बाजूला घेऊन विचारा, प्रशिक्षकांसमोर ते खरं सांगणार नाहीत.

वजनाच्या दोन टक्क्यांइतकं पाणी घटलं की त्रास सुरू होतो, आणि ५५ किलोच्या मुलाचे दोन टक्के म्हणजे १.१ किलो. तुमच्या डोळ्यांसमोर त्याने १.३५० घालवले, रात्रीपासूनचे वेगळेच. रक्तातलं पाणी घटलं की हृदयाला जास्त धावावं लागतं आणि शरीर थंड ठेवायला घामही पुरत नाही. दोन ग्लास पाणी पिऊन तासाभरात हे भरून येत नाही. त्याला गोळे आले, उलटी झाली आणि तो थांबला, हे बरं झालं. न थांबणाऱ्या मुलांची मला जास्त भीती वाटते.

लघवीच्या पट्ट्या औषधांच्या दुकानात मिळतात. महाग नसतात.

मैदान_१३:

मी प्रशिक्षक आहे, आणि इथे सगळे आमच्यावर बोट ठेवतायत म्हणून लिहितो. माझ्याकडे ५७ किलोचा, १५ वर्षांचा पोरगा आहे. किशोर गटात तो बसत नाही. कुमार गटात गेला तर तिथे २० वर्षांपर्यंतची, ७० किलोपर्यंतची मुलं. पंधरा वर्षांच्या पोराला एकोणीस वर्षांचा बचावपटू मांडीला धरून आपटणार. मी त्याला कुठे खेळवू? दोन किलोंसाठी त्याची वर्षं वाया जातात. मधला एखादा गट द्या, मी रेनकोट जाळून टाकतो.

खडू_आणि_शिट्टी:

मैदान_१३, तुमचं म्हणणं मला पटतं, आणि हे मी विसरलो होतो. ५५ आणि ७० च्या मधली पोरं खरंच अधांतरी आहेत. पण त्या अडचणीचं ओझं पोराच्या अंगावर टाकायचं, त्याचा घाम काढून ती सोडवायची, हे मला मान्य नाही. ते ओझं संघटनेने उचलावं.

सगळ्यांचं वाचून काल रात्री जिल्हा संघटनेला पत्र लिहिलं. चाचणीच्या महिनाभर आधी प्रत्येक मुलाचं वजन शाळेत मुख्याध्यापकांसमोर घेऊन नोंदवावं, आणि चाचणीच्या दिवशी त्यापेक्षा दोन टक्क्यांहून जास्त उतरलेला असेल तर त्या दिवशी त्याला खेळवू नये. काट्यावर एकच संधी. वजनाच्या जागेवर जाड कपड्यात पळताना कोणी दिसला तर पंचाने प्रशिक्षकाचं नाव अहवालात लिहावं, मुलाचं नाही. मधल्या गटाची मागणी वेगळ्या कागदावर केली आहे, ती राज्याकडे जायला हवी. त्या दिवशी मी सही केली हेही पत्रात लिहिलं, नाहीतर मला हे मागायचा अधिकार नाही असं वाटलं.

सचिवांचा सकाळी फोन आला. पुढच्या सभेत विषय घेतो म्हणाले. सभा २२ तारखेला आहे, मी पट्ट्यांची डबी घेऊन जाणार आहे.

ताई, एक विचारायचं राहिलं. पट्टीवरचा रंग सकाळच्या पहिल्या लघवीत तसाही गडद येतो ना? मग वजनाआधी किती वाजताची धरायची?

डॉक्टर_ताई:

पहिली सोडून द्या, दुसरी धरा. आणि मुलांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा की पाणी पिऊन या.