योनीमुखावर पांढरा चट्टा व गाठ: तुकडा काढून तपासावा की थांबावे?

प्रश्न (राजापूर तालुका)

माझ्या मोठ्या काकी ६२ वर्षांच्या असून गावीच राहतात. गेली दोनेक वर्षे त्यांना लघवीच्या जागी खाज येत होती. औषधाच्या दुकानातून आणलेले गजकर्णाचे मलम लावले की काही दिवस आराम पडे आणि पुन्हा तेच. आता तिथे पांढुरका चट्टा असून त्यावर हरभऱ्याएवढी कडक गाठ आली आहे आणि कपड्याला अधूनमधून रक्त लागते. साखरेचा त्रास असल्यामुळे बुरशी झाली असेल, असे म्हणून डॉक्टरांनी न तपासताच गोळ्या दिल्या. तुकडा काढला की रोग पसरतो, असे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असून ‘गणपती होऊन जाऊ देत, मग बघू’ असे ठरत आहे. हा योनीमुखाचा, म्हणजे योनीच्या बाहेरील भागाचा, कर्करोग असू शकतो का?

उत्तर १ (स्त्रीरोगतज्ज्ञ, सिंधुदुर्ग)

असू शकतो, आणि म्हणूनच गणपतीपर्यंत थांबू नये. पाळी गेलेल्या स्त्रीला न हटणारी खाज, पांढरा चट्टा, कडक गाठ आणि रक्त जाणे हे सारे एकत्र असताना तुकडा तपासल्याशिवाय कोणतेही मलम देणे योग्य नाही. तुलनेने तरुण स्त्रियांत या कर्करोगामागे बहुधा शरीरसंबंधातून पसरणारा एचपीव्ही विषाणू असतो, आणि एचआयव्हीबाधित स्त्रियांना त्याचा धोका अधिक असतो; काकींच्या वयात मात्र तो बरेचदा लायकेन स्क्लेरोसस या जुनाट त्वचारोगातून उद्भवतो. त्या त्वचारोगावर क्लोबेटासोल हे स्टेरॉइड मलम हेच मुख्य औषध असून देखरेखीखाली नियमित लावल्यास पुढचा धोका कमी होतो. दुकानातल्या मिश्र मलमांत अनेकदा तेच स्टेरॉइड असते, त्यामुळे खाज तेवढ्यापुरती दबते आणि मूळ आजार कोणी पाहतच नाही.

तुकडा काढल्याने रोग पसरत नाही. जागा बधिर करून काही मिलिमीटरचा तुकडा घेतात, तो फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावात) घालून प्रयोगशाळेत पाठवतात आणि बाई त्याच दिवशी घरी जातात. जिल्हा रुग्णालयात हे होऊ शकते. एक आग्रह धरावा: निदानाआधी अख्खी गाठच कापून टाकू देऊ नये, कारण मग मूळ जागा आणि तिची कड शोधणे पुढच्या सर्जनला अवघड जाते.

जांघेत अवधाण (लसिकाग्रंथींची सूज) आले आहे का, हेही हाताने तपासून घ्यावे, कारण पुढचे सारे त्यावर ठरते. अमेरिकेतील आकडेवारीनुसार रोग जागेवरच असताना सापडल्यास दहांपैकी आठांहून अधिक स्त्रिया पाच वर्षांनंतर हयात असतात. जवळच्या लसिकाग्रंथींत पोहोचल्यावर ते प्रमाण निम्म्यावर येते. गाठ २ सेंटिमीटरपर्यंतच असून १ मिलिमीटरहून खोल गेलेली नसेल, तर सहसा तेवढा भाग काढून भागते आणि जांघेतील ग्रंथी काढाव्या लागत नाहीत. उशीर झाल्यास मोठी शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि पायांची कायमची सूज वाट्याला येऊ शकते.

उत्तर २ (निवृत्त आरोग्य सेविका, रत्नागिरी)

जगभरात २०२० साली या कर्करोगाचे सुमारे ४५ हजार नवे रुग्ण आणि १७ हजार मृत्यू असा अंदाज आहे. आजार दुर्मीळ असल्याने सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख एवढेच येते. तरीही गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी बाई टेबलावर झोपलेलीच असते. स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून पाहण्याचे उपकरण) घालण्याआधी बाहेरची त्वचा नीट पाहायला अर्धा मिनिटही लागत नाही, पण रांग मोठी असली की नेमके तेच राहून जाते. काकींना ‘मला बाहेरून बघा’ असे स्पष्ट सांगायला शिकवा, कारण ‘अंगावरून जाते’ एवढेच म्हटले की बहुतेक ठिकाणी गोळ्याच मिळतात. तपासायला बाई डॉक्टर मागण्यात संकोच करू नये.

उत्तर ३ (रुग्णाची मुलगी, गुहागर)

आईच्या आजारपणात शिकलेले सांगते. तुकड्याचा अहवाल हाती असला, तर डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात किंवा परळच्या टाटात गेल्यावर पुढची गाडी लवकर हलते. अहवालासोबत तुकड्याच्या काचपट्ट्या आणि तुकडा ज्यात बसवतात तो मेणाचा ठोकळाही मागून घ्या, कारण मोठी रुग्णालये ते स्वतः पुन्हा पाहतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका व आधार यांवरील नावे जुळतात ना, हे निघण्याआधीच पाहा. रेल्वेच्या ठरावीक नमुन्यातील दाखला रुग्णालयाने दिला, तर उपचारासाठी जाताना शयनयान डब्यात रुग्णाला तिकिटाचे पैसे लागत नाहीत आणि सोबतच्या माणसालाही मोठी सवलत मिळते. मुंबईत राहण्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करा.